पीएचडीसाठी विद्यापीठ निवडताना : कुठे बघायचं, काय बघायचं

"ताई, पीएचडीसाठी कोणतं विद्यापीठ चांगलं?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. मी उलट विचारते, "विषय कोणता? गाईड कोण?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते नंतर बघू, आधी अ‍ॅडमिशन तर होऊ दे."

मीही अगदी असंच केलं होतं. २०२१ मध्ये मोठं विद्यापीठ आणि मोठ्या नावाचे सर बघून नोंदणी केली. माझा विषय ऊसतोड कामगारांचं स्थलांतर. सरांचं गेल्या दहा वर्षांतलं सगळं काम शेती-कर्जावर होतं, हे मला सहा महिन्यांनी कळलं. सर माणूस म्हणून चांगले होते, पण दोन वर्षांत निवृत्त झाले. नवीन गाईड मिळून कागदपत्रं मार्गी लागेपर्यंत जवळजवळ एक वर्ष गेलं. ही सगळी माहिती आधी दोन तासांत, घरबसल्या, फुकट मिळाली असती. ती कुठे मिळते ते आज सांगते.

१. शोधगंगा : आधी प्रबंध वाचा

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे भांडार. भारतीय विद्यापीठांतले लाखो पीएचडी प्रबंध इथे कुणालाही मोफत वाचता येतात. बरेच जण याचा वापर फक्त 'संदर्भ साहित्याचा आढावा' लिहिण्यासाठी करतात. गाईड निवडायला ते त्याहून जास्त उपयोगी आहे.

आधी विषयाचा शब्द टाकून शोधा. कोणत्या विद्यापीठातून, कोणत्या विभागातून त्या विषयावर काम होतंय ते दिसेल. मग गाईडचं नाव टाका आणि तीन गोष्टी तपासा.

एक, त्यांच्या हाताखाली कोणकोणत्या विषयांवर प्रबंध झाले? तुमच्या विषयाच्या जवळपास काहीच नसेल, तर पुढे विषय तुम्हालाच बदलावा लागण्याची शक्यता मोठी.

दोन, किती वर्षं लागली? नोंदणीचं वर्ष आणि प्रबंध सादर केल्याचं वर्ष पुष्कळदा नोंदीत किंवा सुरुवातीच्या प्रमाणपत्रांत सापडतं. एका विद्यार्थ्याला सात वर्षं लागली तर कारण घरचंही असू शकतं. पाचही जणांना सात वर्षं लागली असतील तर मात्र विचार करा.

तीन, ऋणनिर्देश वाचा. हसू नका. "सरांनी प्रत्येक प्रकरणाचा मसुदा तीनदा तपासला" आणि "सरांचे आशीर्वाद लाभले" या दोन वाक्यांत फरक आहे.

याच केंद्राच्या 'शोधगंगोत्री'वर मंजूर झालेले संशोधन आराखडे, म्हणजे आपल्या भाषेत सिनॉप्सिस, असतात. तुमचाच विषय आधी कुणी घेतलाय का, हे इथे बघून घ्या. मराठीतून प्रबंध लिहायचा असेल तर त्या विभागातले मराठी प्रबंध शोधगंगेवर आहेत का तेही पाहा. परवानगी कागदावर असणं वेगळं आणि विभागाला त्याची सवय असणं वेगळं.

२. विद्वान आणि गूगल स्कॉलर : गाईड आज काय करतात?

प्रबंधांवरून मागचं काम कळतं. आत्ताचं काम कळायला 'विद्वान' या पोर्टलवर प्राध्यापकांची माहिती मिळते आणि गूगल स्कॉलरवर लेख वर्षानुसार लावता येतात. एकूण लेख किती यापेक्षा शेवटच्या तीन-चार वर्षांत काय आलं आणि त्यात विद्यार्थ्यांची नावं आहेत का, हे बघा. एखाद्याची नोंद अद्ययावत नसूही शकते, म्हणून विभागाचं संकेतस्थळही उघडा.

३. नियम : जागा आहे का, आणि किती दिवस?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएचडीचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. ते मुळातून वाचा, फार मोठे नाहीत. आपल्या कामाचे मुद्दे असे :

- एका वेळी प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात.
- निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या गाईडना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. माझ्या वेळी हा नियम असता तर माझं ते वर्ष वाचलं असतं!
- कोर्सवर्क धरून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं. त्यापुढे पुनर्नोंदणीने मुदतवाढ मिळू शकते.
- अर्धवेळ पीएचडी चालते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडी चालत नाही. "घरबसल्या दोन वर्षांत पीएचडी" अशी जाहिरात दिसली की पुढे जा. शंका आली तर आयोगाच्या संकेतस्थळावर बोगस विद्यापीठांची यादी असते.

४. एनआयआरएफ आणि नॅक : क्रमांक सोडा, आकडे वाचा

एनआयआरएफची पहिली क्रमवारी २०१६ मध्ये आली. सगळे फक्त क्रमांक बघतात. पण त्या क्रमांकात प्लेसमेंटपासून लोकांच्या मनातल्या प्रतिमेपर्यंत बरंच काही मोजलेलं असतं, आणि तो तुमच्या विभागाबद्दल काहीच सांगत नाही. खरा माल आहे तो संस्थेने भरून दिलेल्या माहितीच्या पीडीएफमध्ये. पूर्णवेळ आणि अर्धवेळ मिळून किती जण पीएचडी करताहेत आणि गेल्या तीन वर्षांत किती जणांची पूर्ण झाली, हे त्यात असतं.

साधा हिशोब करा. समजा, २०० जण पीएचडी करताहेत. सरासरी पाच वर्षं लागत असतील तर दरवर्षी साधारण ४० जण बाहेर पडायला हवेत. पडताहेत फक्त १०, तर विचारा, का? कधी उत्तर साधं असतं : केंद्र नवीन आहे, पहिली तुकडी अजून पूर्ण व्हायचीय. कधी तसं नसतं.

नॅकची श्रेणीही संपूर्ण संस्थेची असते. संस्थेने नॅकला दिलेल्या स्वयं-अध्ययन अहवालातला तिसरा निकष संशोधनाचा आहे, तेवढा भाग वाचला तरी पुरे.

५. पैसे : लाजू नका, आधी विचारा

जेआरएफ असेल तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफला ४२,००० रुपये. नसेल तर आपल्या राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गांतल्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. अटी आणि नोंदणीच्या तारखा प्रत्येक जाहिरातीत नीट तपासा. विभागाला दोन प्रश्न जरूर विचारा : अधिछात्रवृत्तीची कागदपत्रं इथून पुढे जायला किती वेळ लागतो? आणि वसतिगृह किती वर्षं मिळतं?

६. शेवटी माणसं

वरचं सगळं झालं की विभागात एक दिवस जाऊन या. गाईडना भेटण्याआधी तिथे तिसऱ्या-चौथ्या वर्षात असलेल्या दोघा-तिघांना चहाला घेऊन जा. "सर कसे आहेत?" असं विचारू नका, "चांगले आहेत" हेच उत्तर मिळेल. असं विचारा : शेवटचं प्रकरण दिल्यावर किती दिवसांनी परत आलं? सरांशी महिन्यातून किती वेळा बोलणं होतं? विद्यापीठाची कामं सोडून इतर कामं किती करावी लागतात?

तुमची साधनं कुठे आहेत तेही बघा. पेशवे दप्तरावर काम करायचं असेल तर ते पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. मग दुसऱ्या टोकाच्या विद्यापीठात नोंदणी केलीत, तर प्रवासाचा खर्च आणि दिवस आधीच धरा.

हे सगळं करूनही अंदाज चुकू शकतो. घरच्या अडचणींमुळे जवळचंच केंद्र घ्यावं लागतं, तेही मला माहीत आहे. पण मग आपण काय सोडतोय हे माहीत असून निवडलेलं असतं. मी सहाव्या वर्षात हे लिहितेय. तुम्ही अर्ज भरण्याआधी वाचा, आणि आज रात्री शोधगंगेवर एकच नाव टाकून बघा : तुमच्या मनातल्या गाईडचं.