रविवारची पिंप-तपासणी

सकाळी ७
समाजमंदिराच्या ओट्यावर सहावी ते नववीतली मुलं जमली आहेत. पावसाळ्यात डेंग्यूची प्रभातफेरी शाळेतून निघतेच. घोषणा देऊन मुलं घरी जातात आणि घरातली पिंपं होती तशीच राहतात. म्हणून रविवारी आम्ही फलक नेत नाही, टॉर्च, वही आणि पांढरी वाटी नेतो.

८
तिघातिघांच्या टोळ्या निघाल्या. विचारल्याशिवाय आत जायचं नाही, झाकण घरच्यांनीच उघडायचं आणि कुणाच्या घरात अळ्या मिळाल्या हे गल्लीत बोलायचं नाही. हा शेवटचा नियम मुलांनीच घातलाय.

८.३०
"कालच भरलंय गं, स्वच्छ आहे," काकू म्हणाल्या. सातवीतल्या मुलीनं पिंपात टॉर्च मारला. उजेड पडताच सुतासारख्या अळ्या वळवळत तळाला गेल्या. तिनं वाटीत पाणी घेऊन काकूंना दाखवलं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो तो अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. काकू पिंप उपडं करायला निघाल्या, तशी ती म्हणाली, "नुसतं ओतू नका, आतून घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात." ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, पाणी लागलं की पुन्हा अळ्या. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पिंपं रिकामी करून सुकवायचा 'कोरडा दिवस' दर आठवड्याला पाळायचा. पुस्तकातलं उत्तर म्हणून हे तिला कधीच इतकं पक्कं झालं नसतं.

१०.३०
फळ्यावर हिशेब. अळ्या सापडलेली घरं भागिले तपासलेली घरं, गुणिले शंभर. आरोग्य खातं गृह निर्देशांक काढतं तो असाच. मग गावाचा नकाशा काढून त्या घरांवर लाल टिकल्या लावल्या. टिकल्यांची दाटी वरच्या आळीत. "तिकडे नळ चार दिवसांनी येतो. काकूंनी साठवायचं नाही, तर प्यायचं काय?" आठवीतल्या मुलानं विचारलं. मी सकाळपासून या प्रश्नाची वाट बघत होते.

थोरली भावंडं धाकट्यांना सांभाळतात, तर आरोग्याची कामंही करू शकतील, या विचारातून १९७८ मध्ये लंडनला डेव्हिड मॉर्ले आणि सहकाऱ्यांनी 'चाइल्ड-टू-चाइल्ड' चळवळ सुरू केली. ते मला पटतं. पण मुलांना नुसतं निरोप्या करून भागत नाही. चूक घराची की पाणीपुरवठ्याची, हे ठरवायचा हक्कही त्यांना हवा.

दुपारी ४
सरपंच चावडीवर आले. मुलांनी नकाशा पसरून अर्ज वाचला: वरच्या आळीला पाणी एक दिवसाआड द्या, मोठ्या हौदांत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. सरपंच माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, मोटारीची अडचण आहे." मी म्हटलं, "दादा, अर्ज त्यांचा आहे, त्यांना सांगा." मग ते मुलांकडे वळले. मासे आठवड्यात आणू, पाण्याचा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घेऊ, असं म्हणाले.

"आम्हाला पोच द्या," सातवीतली मुलगी म्हणाली. त्यांनी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख घालून सही केली.

६
ग्रामसभेत कोण बोलणार यावरून ओट्यावर वाद चाललाय. वरच्या आळीतली मुलं म्हणतात, आम्हीच.