स्वालबार्डचा हिवाळी पाऊस

'पाऊस' हा शब्द ऐकला की आपल्या मनात उभा राहतो तो मृगाचा पाऊस. तो आला की रान हिरवे होते, गुरांना चारा मिळतो. तो रुसला की दुष्काळ. पाऊस म्हणजे जीवन, हे समीकरण आपल्या रक्तातच भिनलेले आहे. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असाही एक मुलूख आहे, की जेथे भलत्या वेळी पाऊस पडला तर चरणारी जनावरे उपाशी मरतात आणि डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांची झोप उडते. हा मुलूख म्हणजे उत्तर ध्रुवाजवळचा स्वालबार्ड द्वीपसमूह. भूगोलाचा विद्यार्थी या नात्याने या बेटांविषयी जे जे हाती लागले ते मी गेली दोन वर्षे वाचत आलो आहे. तेथे शास्त्रज्ञ नेमके काय करतात, कसे करतात आणि त्याचा उपयोग काय, हे जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगण्याचा या लेखात प्रयत्न करतो.

स्वालबार्ड नॉर्वेच्या उत्तरेस, साधारण ७४ ते ८१ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहे. निम्म्याहून अधिक भूमी हिमनद्यांनी व्यापलेली. झाड म्हणून नजरेस पडत नाही. शेवाळ, गवत आणि वीतभरही न वाढणाऱ्या खुरट्या वनस्पती एवढीच काय ती वनश्री. लाँगइअरब्येन हे तेथले मुख्य गाव. १९०६ साली एका अमेरिकन कंपनीने कोळशाच्या खाणीसाठी ते वसवले. ऑक्टोबरच्या अखेरीस तेथे सूर्य मावळतो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. उलट एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टपर्यंत तो मावळतच नाही. १९९३ पासून या गावात एक विद्यापीठ केंद्र आहे. आपल्यासारखेच विद्यार्थी तेथे शिकतात. मात्र त्यांचा पहिला धडा पुस्तकातला नसतो. बंदूक कशी चालवावी, हिमनदीच्या भेगेत पडलेल्या सोबत्याला वर कसे काढावे आणि कोसळलेल्या बर्फाखाली गाडला गेलेला माणूस कसा शोधावा, हे शिकल्यावाचून त्यांना गावाबाहेर अभ्यासाला जाता येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्याला बर्फ म्हणजे एकसारखा पांढरा कापूस वाटतो. प्रत्यक्षात जमिनीवर साठलेला बर्फ हा थरांचा बनलेला असतो. प्रत्येक हिमवृष्टी, प्रत्येक वादळ, प्रत्येक उबदार दिवस आपला थर मागे ठेवून जातो. वाऱ्याने चोपलेला थर फळीसारखा घट्ट होतो. कडाक्याच्या थंडीत खालचा बर्फ हळूहळू जाड्या साखरेसारखा रवाळ व सुटा होतो. आणि हिवाळ्यात मध्येच हवा उबदार होऊन पाऊस पडला, तर पाणी झिरपत तळाशी जाते, तेथली जमीन गोठलेली असल्याने मुरत नाही आणि काचेसारखे थिजून बसते. झाडाच्या बुंध्यातली वर्तुळे जशी त्याची गतवर्षे सांगतात, तसे हे थर त्या हिवाळ्याची हकीकत सांगतात.

हे थर वाचणारे दोन वाचक स्वालबार्डमध्ये आहेत. पहिला रेनडियर, आणि दुसरा शास्त्रज्ञ. पहिला खुराने उकरतो, दुसरा फावड्याने.

स्वालबार्डचा रेनडियर आखूड पायांचा, गुबगुबीत आणि संथ. तेथे लांडगे नाहीत, त्यामुळे पळण्याचे कारण त्याला क्वचितच पडते. उन्हाळ्यात अंगावर चरबी साठवायची आणि हिवाळ्यात बर्फ उकरून खालचे जे मिळेल ते खायचे, हा त्याचा जीवनक्रम. वरचा बर्फ कितीही भुसभुशीत असला तरी तो उकरता येतो. परंतु तळाशी पावसाचे पाणी गोठून बसले की गवत डोळ्यांसमोर असूनही तोंडात येत नाही. जणू काचेच्या कपाटात कुलूपबंद केलेले अन्न!

हे अनुमान नव्हे; त्याला मोजदादीचा आधार आहे. १९७८ साली नी-ऑलेसुंड या वस्तीजवळच्या ब्रॉगर द्वीपकल्पावर बारा रेनडियर सोडण्यात आले. शिकारीमुळे तेथून ते पूर्वीच नाहीसे झाले होते. बाराचे वाढत वाढत १९९३ पर्यंत साडेतीनशेच्या आसपास झाले. पुढचा हिवाळा पावसाचा आणि बर्फाच्या कवचाचा आला. तो सरला तेव्हा कळप शंभराच्या आत उतरला होता. लाँगइअरब्येनजवळच्या आडव्हेंट खोऱ्यात तर १९७९ पासून दर उन्हाळ्यात ही मोजणी होते. माणसे पायी हिंडतात, दुर्बिणीतून जिवंत जनावरे मोजतात, मेलेल्यांचे सांगाडे मोजतात, जबड्यातल्या दातांवरून त्यांचे वय ठरवतात. वसंतात दोन स्नोस्कूटरांच्या मध्ये जाळे ताणून माद्या पकडतात, वजन करतात, खूण करतात आणि सोडून देतात. काम साधे, कंटाळवाणे आणि बोटे बधिर करणारे. पण ही वही वर्षानुवर्षे भरत गेली म्हणूनच २०१३ साली काही शास्त्रज्ञांना एक विलक्षण गोष्ट दाखवता आली. हिवाळी पावसाच्या वर्षी केवळ रेनडियरच नव्हे, तर टार्मिगन नावाचा पक्षी आणि उंदरासारखा व्होल हा प्राणी, यांचीही संख्या एकदमच घटते. ध्रुवीय कोल्ह्याची मात्र त्या वर्षी चंगळ असते, कारण मेलेले रेनडियर त्याला आयते मिळतात. त्याची उपासमार येते ती पुढच्या वर्षी. दुर्बळ होते ते आधीच मेलेले असतात, उरलेले रेनडियर धडधाकट असतात, आणि कोल्ह्याचे ताट रिकामे राहते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हवा तापते आहे म्हणून रेनडियर सरसकट नामशेष होत आहेत, असे चित्र काढणे खरे नाही. उन्हाळा लांबला की गवत वाढते, आणि आडव्हेंट खोऱ्यात काही दशकांत कळप वाढलाही आहे. उन्हाळा देतो आणि हिवाळा काढून घेतो, असा हा हिशेब आहे. आणि हिशेब एका वर्षाच्या वहीवरून मांडता येत नाही.

आता दुसऱ्या वाचकाकडे येऊ. डोंगरउतारावर बर्फ कधी कोसळेल हे जाणण्यासाठी शास्त्रज्ञ बर्फात जमिनीपर्यंत चर खणतो आणि त्याची भिंत फावड्याने साफ तासतो. मग तो प्रत्येक थराचा घट्टपणा पाहतो, आणि त्याचे साधन काय, तर स्वतःचा हात! थरात मूठ शिरते का, चार बोटे शिरतात का, एक बोट, की पेन्सिल, की फक्त सुरी? त्यानंतर बर्फाचा एक खांब कापून मोकळा करतात, त्यावर फावडे ठेवून हाताने थापा मारतात, आणि कितव्या थापेला कोणता थर घसरतो हे टिपून घेतात. सुट्या रवाळ थरावर फळीसारखा जड थर बसलेला असेल, तर तो उतार म्हणजे ठासून भरलेली बंदूकच समजावी. आणि गंमत अशी की, पावसाने बनलेल्या कवचाच्या लगतही असा दुबळा रवाळ थर तयार होऊ शकतो. ज्या कवचाने रेनडियरचे तोंड बंद केले, तेच कवच वरच्या बर्फाचा पाया डळमळीत करते.

या वाचनाचे महत्त्व लाँगइअरब्येनने फार मोठी किंमत देऊन ओळखले. १९५३ च्या जूनमध्ये पाण्याने भिजलेल्या बर्फाचा लोंढा एका घळीतून गावात शिरला आणि तीन माणसे दगावली. जानेवारी २०१२ च्या अखेरीस, ऐन ध्रुवीय रात्रीत, मुसळधार पाऊस पडला. नी-ऑलेसुंडला एका दिवसात ९८ मिलिमीटर! आपल्या कोकणात या आकड्याचे कुणाला काही वाटणार नाही. परंतु तेथे वर्षभरात पडते ते सारे मिळून चारशे मिलिमीटरच्या आसपास. त्या वेळी तसल्याच लोंढ्याने लाँगइअरब्येनमधला एक पादचारी पूल वाहून नेला. पुढे १९ डिसेंबर २०१५ च्या सकाळी, रात्रभर घोंगावलेल्या वादळाने साठवलेला बर्फ सुकरटॉपेन या डोंगरावरून खाली आला आणि त्याने अकरा घरे उखडून टाकली. एक गृहस्थ आणि दोन वर्षांची एक मुलगी मृत्युमुखी पडली. या खेपेस कारण पाऊस नव्हता, वारा होता. बर्फाचे दुखणे एकाच प्रकारचे नसते, हेही यावरून ध्यानात यावे.

त्यानंतर रोजच्या रोज धोक्याचा अंदाज देण्याची व्यवस्था झाली. तरीही २१ फेब्रुवारी २०१७ रोजी त्याच डोंगरावरून पुन्हा बर्फ कोसळला आणि घरांवर आदळला. ती घरे आधी रिकामी केलेली नव्हती. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. अंदाज हा अंदाजच असतो, हे मान्य करून मग निर्णय झाला की, माणसांनीच डोंगराला वाट मोकळी करून द्यावी. शंभराहून अधिक घरे हलवण्यात किंवा पाडण्यात आली आणि उतारावर बर्फ अडवून धरणारे पोलादी कठडे उभारले गेले. मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. बर्फाचे शास्त्र जाणणे हा अर्धा भाग झाला. त्या ज्ञानाला मान देऊन आपले घर हलवणे हा उरलेला अर्धा, आणि तोच अधिक कठीण.

आपल्या मनात येईल की, अशा जागी काम करणाऱ्याला अस्वलाची भीती नसते काय? असते तर! १९७३ पासून तेथे पांढऱ्या अस्वलाला कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून वस्तीबाहेर जाताना त्याला घाबरवून पळवण्याचे साधन जवळ बाळगावे लागते. बंदूक असते ती अगदी अखेरचा उपाय म्हणून. तंबूभोवती तार ताणतात. अस्वलाचा धक्का लागला की बार उडतो. अस्वलांचाही अभ्यास चालतो. हेलिकॉप्टरमधून गुंगीचे औषध मारून त्याला निजवतात, मोजमाप घेतात, आणि गळ्यात उपग्रहाशी संपर्क साधणारा पट्टा घालतात. हा पट्टा केवळ मादीलाच घालता येतो. कारण नराची मान डोक्यापेक्षा रुंद असते आणि पट्टा सरळ निसटून पडतो!

या सर्वांशी आपला संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो जुना आहे. स्वालबार्डविषयीचा करार ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झाला, तेव्हा सह्या करणाऱ्यांत त्या वेळच्या हिंदुस्थानचेही नाव होते. २००८ च्या जुलैमध्ये नी-ऑलेसुंड येथे 'हिमाद्री' हे भारताचे संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचा कारभार पाहणारी संस्था आहे आपल्या शेजारच्या गोव्यात, वास्को येथे. डिसेंबर २०२३ मध्ये तर भारताची पहिली हिवाळी मोहीमही ध्रुवीय रात्रीत तेथे गेली. ज्या काळात तो भलत्या वेळचा पाऊस पडतो, त्या काळात आपल्या देशाची माणसेही आता तेथे नोंदी घेऊ लागली आहेत.

विज्ञान म्हटले की आपल्या कलाशाखेतल्या मंडळींना प्रयोगशाळा, यंत्रे आणि समीकरणे आठवतात आणि आपण चार पावले मागे सरतो. परंतु वर सांगितलेल्या कामात यंत्रापेक्षा मोठे भांडवल आहे ते चिकाटीचे. तेच खोरे, तीच वही, तीच मोजणी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पहिल्या वर्षीच्या आकड्याला एकट्याला काही अर्थ नसतो. तो लिहिणाऱ्याला हे ठाऊक असते, आणि तरीही तो नीट लिहून ठेवतो. कारण त्याचा अर्थ वीस वर्षांनी दुसऱ्याच कुणाला तरी लागणार असतो.