दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा व गायकांची घडण

श्रीक्षेत्र आळंदी आपल्या चिंचवडपासून फार दूर नाही. तेथील कार्तिकी गायकवाड ही बालिका २००९ च्या फेब्रुवारीत झी मराठी वाहिनीवरील ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ ह्या स्पर्धेत विजयी झाली. असे यश पाहिले की आपल्याही पाल्याने त्या रंगमंचावर उभे राहावे, असे पालकांस वाटणे स्वाभाविक होय. परंतु तत्पूर्वी ह्या स्पर्धा कशा चालतात, हे जाणून घेणे इष्ट आहे.

स्पर्धेतून गायक निवडण्याची प्रथा नवी नव्हे. १९५७ साली ‘मेट्रो-मर्फी’ स्पर्धा जिंकून महेंद्र कपूर पुढे आले. दादा कोंडके यांच्या चित्रपटांतील त्यांची मराठी गाणी सर्वश्रुत आहेत. तेथे निर्णय संगीत जाणणाऱ्यांच्या हाती होता. २००१ साली ब्रिटनमध्ये ‘पॉप आयडॉल’ सुरू झाले आणि निर्णय प्रेक्षकांच्या हाती गेला. २००४ साली आरंभलेले ‘इंडियन आयडॉल’ हे त्याचेच भारतीय रूप. मुंबईचा अभिजीत सावंत २००५ च्या मार्चमध्ये त्याचा पहिला विजेता ठरला, व त्याच वर्षी त्याचा गीतसंग्रह बाजारात आला.

ह्या त्वरेचे कारण व्यापारात आहे. नवा गायक लोकांस परिचित करून देण्यास एरव्ही कंपनीला पुष्कळ द्रव्य खर्चावे लागते. येथे तो कित्येक आठवडे घरोघरी दिसतो. त्या काळात जाहिरातींचे उत्पन्न होते, आणि पूर्वी भ्रमणध्वनीवरून मत देणारा प्रेक्षक स्वतःच खर्च सोसत असे. ज्याला आपण मत दिले त्याचे गाणे आपण विकतही घेतो. ब्रिटनमध्ये तर २००२ साली निकालापूर्वीच एकच गीत निरनिराळ्या अंतिम स्पर्धकांकडून गाऊन घेण्यात आले होते. माल आधी सिद्ध होता. केवळ त्यावरील नाव ठरावयाचे होते! पुढे नवे पर्व आले म्हणजे नवे चेहरे येतात, आणि कालचा विजेता सहजच विस्मृतीत जातो.

मग टिकते काय? कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड हे स्वतः गायक. तिचे शिक्षण घरातच झाले. त्याच पर्वातील आर्या आंबेकर हिलाही गायिका असलेल्या आईकडून शिक्षण लाभले. ती विजयी झाली नाही, तथापि पुढे चित्रपटांतून गाऊ लागली व २०१७ च्या ‘ती सध्या काय करते’ ह्या चित्रपटात तिने भूमिकाही केली. स्पर्धेने ह्या मुलींचा कंठ लोकांपर्यंत पोहोचविला. तो घडविला मात्र रियाजाने.

विद्यार्थिमित्रहो, स्पर्धेत अवश्य उतरा; पण बाद झालात तर आपल्याला गळाच नाही, असे मानू नका. मतांची मोजणी ही स्वरांची परीक्षा नव्हे. पालकांनीही करारपत्र नीट वाचल्यावाचून त्यावर सही करू नये, व मुलाच्या शाळेचा बळी देऊ नये. शुभवर्तमानातील दाखल्यात धन्याने दिलेला पैसा भूमीत पुरून ठेवणारा सेवक दोषी ठरला. देवाने दिलेला कंठ पुरून ठेवू नये, हे खरे. परंतु तो वाढविण्यास भजनी मंडळ, उपासनेतील गायन आणि एखादा चांगला गुरू एवढे पुरेसे आहे.