उंची कमी आहे? गाडी खाली करण्याआधी हे ऐका

मी दारव्ह्याचा, उंची पाच फूट तीन इंच. गाडी एक्सपल्स २०० फोरव्ही, सीट ८२५ मिलीमीटर. माझे फक्त चवडे टेकतात. डांबरी रस्त्यावर चालून जातं, पण पावसाळ्यात पांदणीच्या काळ्या चिखलात पाय घसरला की गाडी आडवी!

गाडी घेताना आधी पायाचं माप घ्या. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, दोन पायांत पुस्तक वर दाबून धरा आणि जमिनीपासून मोजा. फक्त सीटचा आकडा बघू नका. जुन्या हिमालयनची सीट ८०० मिलीमीटरच, पण वजन १९९ किलो! सीट अरुंद असेल तरी पाय जास्त पोचतो.

आता खाली करायचं कसं? आधी सीटचा फोम कमी करा. यात ग्राउंड क्लिअरन्स तसाच राहतो. दुसरा उपाय म्हणजे लोअरिंग लिंक. त्याने मागची बाजू खाली बसते, म्हणून पुढचे फोर्कही क्लॅम्पमधून वर सरकवावे लागतात. नाहीतर गाडी वळायला आळस करते. आणि साइड स्टँड छोटा करा! मी विसरलो. गाडी जास्तच सरळ उभी राहिली, उजवीकडे पडली, ब्रेकचा लिव्हर गेला. एक ओळ बदलली की तीन बग, तसंच हे.

२५ मिलीमीटर खाली केली, तर २२० चा क्लिअरन्स १९५ च्या आसपास येतो. मग बांधावर इंजिन घासणार.

म्हणून मी लिंक काढली, फोम कापला आणि सवय बदलली. थांबताना कंबर डावीकडे सरकवायची, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर. एक पाय पुरतो, मंडळी. फक्त जागा बघून थांबा!