चालता प्रवासी आणि अखंड संभाषण

गेल्या पावसाळ्यांत आम्ही शहापुराहून किन्हवली-सरळगांव मार्गानें एस्. टी. नें मुरबाडास चाललों होतों. शेजारचे गृहस्थ घरच्या आजारी सुनेसाठीं भ्रमणध्वनीवर रुग्णवाहिका बोलावीत होते. आजाराची हकीकत सांगून ते पाड्याचें नांव सांगूं लागले, तोंच एका वळणावर संभाषण तुटलें. पुन्हां जोडणी मिळण्यास दहा मिनिटें लागलीं. त्या दहा मिनिटांत त्यांच्या मुखावर जी कळा आम्हीं पाहिली, तीच या लेखाचें कारण होय.

भ्रमणध्वनी हें लहानसें बिनतारी यंत्र आहे. त्याच्या लहरी फार दूर पोहोंचत नाहींत. शिवाय वापरावयास मिळणाऱ्या लहरी मोजक्याच असतात. म्हणून प्रदेशाचे मधमाश्यांच्या पोळ्यांतील घरांप्रमाणें लहान लहान भाग कल्पून त्यांत मनोरे उभारितात, व त्याच लहरी दूरच्या भागांत पुन्हां वापरतात. या भागास ‘सेल’ म्हणतात. ही कल्पना अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९४७ सालीं मांडली गेली. भारतांत भ्रमणध्वनीवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झालें.

आतां प्रवासी कसाऱ्याच्या लोकलनें आसनगांव, आटगांव, खर्डी असा चालला, तर त्याचें बोलणें एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे सोंपवावें लागतें. यासाठीं त्याचें यंत्र आपल्या व शेजारच्या मनोऱ्यांच्या लहरींचा जोर सतत मोजून कळवितें. दुसऱ्या पिढीच्या पद्धतींत हें सुमारें अर्ध्या सेकंदास एकदां घडतें. पुढचा मनोरा किंचित् वरचढ होतांच बदल केला, तर बोलणें दोहोंमध्यें चेंडूसारखें फिरत राहील. फार उशीर केला, तर मागचा मनोरा हातचा जाईल. ओढा ओलांडतांना पुढचा दगड पक्का लागल्यावांचून मागचा पाय उचलूं नये, परंतु पाणी चढत असतां उभेंही राहूं नये, तसेंच हें आहे.

पुढचा मनोरा आधींच भरलेला असेल तर? म्हणून कांहीं ठिकाणीं थोड्या वाहिन्या येणाऱ्या चालू संभाषणांसाठीं राखून ठेवितात. कारण जोडणी न मिळण्यापेक्षां बोलतां बोलतां ती तुटणें अधिक जाचक असतें. मात्र राखीव जागा फार ठेविल्या, तर नवी जोडणी मागणाऱ्यास नकार मिळतो, आणि कदाचित् तोच रुग्णवाहिका बोलावीत असावयाचा! हा तोल सांभाळणें हेंच अभियंत्याचें कौशल्य होय.

परंतु सोंपविण्यास पुढें मनोराच नसेल, तर कौशल्य काय करील? माळशेज घाटाच्या कुशींत वा माहुलीच्या डोंगराआड लहरी अडतात, व तुरळक वस्तीसाठीं मनोरा उभारणें व्यापाऱ्यास परवडत नाहीं. म्हणूनच केंद्र सरकारनें २०२२ सालीं सेवेपासून वंचित अशा २४,६८० गांवांसाठीं चौथ्या पिढीची सेवा नेण्याची योजना मंजूर केली. शंभरांपैकीं दोहोंहून अधिक संभाषणें तुटूं नयेत, असें दूरसंचार नियामक प्राधिकरणाचें मान आहे. शहरांतील माणसास हें प्रमाण अल्प वाटेल. परंतु त्या दोहोंपैकीं एक आपल्या पाड्यावरचें असलें, तर घरच्यांस तें शंभरासारखेंच होय.

तेव्हां पालकांस व मुलांस आमची एक सूचना आहे. संकटसमयीं प्रथम गांवाचें व पाड्याचें नांव सांगावें, मग आजाराची हकीकत. आपल्या कंपनीचा मनोरा न मिळाल्यास ११२ हा क्रमांक लावून पाहावा. तो मिळेल त्या कंपनीच्या मनोऱ्यावरून जाण्याची सोय असते. आणि बोलणें चालू असतां शक्य तर जागचें हलूं नये. त्या गृहस्थांनीं नांव आधीं सांगितलें असतें, तर वळण येण्यापूर्वींच गाडी निघाली असती.