पडल्यावर पुन्हा गाडीवर बसायचं कधी?

आज बोलायचं आहे पडण्याबद्दल, आणि पडल्यावर पुन्हा उभं राहण्याबद्दल. त्यासाठी गोष्ट घेतली आहे मोटारसायकलच्या शर्यतीची. तुम्ही म्हणाल, शर्यतीचं आम्हाला काय? पण बाजार करून परतूरहून गावाकडे निघालो की मागच्या सीटवर एका बाजूला पाय टाकून, मांडीवर लेकरू आणि हातात पिशवी घेऊन आपण बसतो. रस्त्यात खड्डे असतात, पावसाळ्यात चिखल असतो. पडण्याची भीती शर्यतवाल्यांना असते तशी आपल्यालाही असतेच. फरक एवढाच, की ते पडण्याची तयारी करून गाडीवर बसतात आणि पडल्यावर परत कसं यायचं, याची त्यांच्याकडे रीत असते. ती रीत आज समजून घेऊ.

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या मैदानावरची मोटारसायकलची शर्यत. मैदानात मुद्दाम उंचवटे, खड्डे आणि तीव्र वळणं केलेली असतात. साधारण शंभर किलोची गाडी उंचवट्यावरून हवेत उडते आणि पुन्हा जमिनीवर आदळते. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात अशा शर्यती झाल्या. पडणं हा या खेळाचा भागच आहे. पडताना माणूस आपोआप हात पुढे करतो, सगळा भार हातावर येतो आणि मनगट किंवा गळ्याखालचं खांद्यापर्यंत जाणारं आडवं हाड मोडतं. ओल्या ओट्यावरून पाय घसरला तर आपलंही हेच होतं.

याच खेळाच्या जवळचा एक प्रकार म्हणजे वाळवंटातून, डोंगरातून, कच्च्या वाटांनी जाणारी लांब पल्ल्याची शर्यत. त्यात नाव काढलं ते बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से हिने. २०१७ मध्ये तिचं गळ्याखालचं हाड मोडलं. ते पोलादी पट्टी आणि स्क्रू लावून जोडावं लागलं. २०१८ मध्ये ती स्पेनमधल्या आरागॉनच्या शर्यतीत उतरली. तिथे उतरणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या शर्यतीत ती पडली आणि पोटातल्या स्वादुपिंडाला मोठी इजा झाली. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, ती जागतिक मालिकेत परत आली. दुबईत पहिली आली, पोर्तुगालमध्ये तिसरी. मग पुन्हा त्याच स्पेनमध्ये गेली, जिथे आदल्या वर्षी पडली होती. तिथे पाचवी आली, हंगेरीत चौथी. सगळे मिळून तिचे ६५ गुण झाले, पोर्तुगालच्या रीटा व्हिएरा हिचे ६१. चार गुणांनी ऐश्वर्या महिला गटाची जगज्जेती ठरली. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

ही गोष्ट ऐकली की आपण म्हणतो, "काय हिंमत पोरीची!" हिंमत तर आहेच. पण नुसत्या हिंमतीने हाड जुळत नाही. हाड जुळायला लागतो तो वेळ, आणि अंगात ताकद परत यायला लागतो तो व्यायाम. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि इथेच आपली गफलत होते.

हाड मोडलं की आत काय होतं, ते पाहू. पहिल्या काही दिवसांत मोडलेल्या जागी रक्त साकळतं, सूज येते. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ सांधा तयार होतो. विटांच्या मध्ये ओला गारा भरावा, तसा. हा गारा अजून भार पेलू शकत नाही. पुढच्या आठवड्यांत तो हळूहळू टणक होतो. मोठ्या माणसाचं हाताचं हाड साधारण सहा आठवड्यांत बऱ्यापैकी जुळतं. पायाच्या मोठ्या हाडाला तीन महिने किंवा जास्तही लागतात. लहान मुलांचं लवकर जुळतं, उतारवयात उशीर लागतो. तंबाखू आणि मिश्रीने हाड जुळायला आणखी वेळ जातो. एवढं झाल्यावरही आतून हाड घडत राहतं, ते कित्येक महिने.

आता दुसरी बाजू. प्लास्टरमध्ये हात बांधलेला असतो, तेव्हा हाड जुळत असतं, पण स्नायू वाळत असतात. दोन आठवड्यांतच हात बारीक दिसायला लागतो. सांधे आखडतात. म्हणून प्लास्टर काढलं म्हणजे हात बरा झाला, असं नाही. त्या दिवशी हाताचं खरं काम सुरू होतं.

खेळाडू परत मैदानात उतरतो, तो तारीख पाहून नाही. त्याला चार प्रश्न विचारले जातात. दुखणं थांबलं का? सांधा पूर्ण वळतो का? दुखऱ्या बाजूची ताकद चांगल्या बाजूच्या जवळपास आली का? आणि थोडं थोडं काम वाढवल्यावर दुसऱ्या दिवशी सूज तर येत नाही ना? चारही उत्तरं बरोबर आली, तर पुढची पायरी. नाही आली, तर तिथेच थांबायचं.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे घ्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. अडथळ्यांच्या शर्यतीत २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवलं. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला आणि गुडघ्याची आतली दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटली. शस्त्रक्रिया करावी लागली. सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. ही दोरी नव्याने बसवली की मैदानात परतायला खेळाडूंना साधारण नऊ महिने थांबायला सांगतात. त्याआधी उतरलं तर ती पुन्हा तुटण्याची भीती जास्त असते. एवढा तयार गडी थांबतो. त्याला कुणी आळशी म्हणत नाही.

आता आपल्याकडे पाहू. सोयाबीन काढणीला आलं आहे आणि घरातल्या बाईचं मनगट मोडलं. तिला किती दिवस थांबू देतात? प्लास्टर असतानाच ती एका हाताने भाकरी थापते. प्लास्टर निघालं की दुसऱ्या दिवशी पाण्याचा हंडा उचलते. मग वर्षानुवर्षं हात दुखतो, मूठ घट्ट आवळत नाही, आणि आपण म्हणतो, "थंडीत दुखतंच जुनं दुखणं." ते जुनं दुखणं नसतं. ते अर्धवट राहिलेलं बरं होणं असतं.

तेव्हा खेळाडूची रीत आपल्या घरात कशी आणायची?

पहिलं, प्लास्टर असेपर्यंत. हात उशीवर उंच ठेवा, म्हणजे सूज उतरते. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा. उघडी असलेली बोटं पहिल्या दिवसापासून हलवत राहा. बोटं निळी किंवा गार पडली, मुंग्या आल्या, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी दवाखान्यात जा. घट्ट बांधल्यामुळे रक्त अडलं, तर काही तासांत हात कायमचा जाऊ शकतो. बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधण्यात हाच धोका आहे. आधी एक्स-रे काढा, मग पुढचं.

दुसरं, प्लास्टर निघाल्यावर. डॉक्टरांना विचारा, "मी व्यायाम कोणते करू?" त्यांनी होकार दिला की कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघडायची, मिटायची. मग कणीक मळायची. मग पाण्याचा तांब्या, मग कळशी. हंडा सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीला काही दिवस द्या. दुसऱ्या दिवशी सूज आली, तर एक पायरी खाली या.

तिसरं, डोक्याचा मार. हा सगळ्यात धोक्याचा. शर्यतीत डोक्याला मार लागून भोवळ आली, तर त्या दिवशी खेळाडूला पुन्हा गाडीवर बसू देत नाहीत, मग तो कितीही "मी बरा आहे" म्हणो. आपल्याकडे पोरगं पडतं, उठतं, कपडे झटकतं आणि लगेच गाडी चालवत घरी येतं. पुढच्या एक-दोन दिवसांत उलटी झाली, डोकं वाढतं दुखलं, बोलणं अडखळलं किंवा झोपेतून नीट जाग येईना, तर १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

चौथं, पडण्याआधीचं. शर्यतवाला हेल्मेट, छातीचं कवच, गुडघ्याचं कवच आणि जाड बूट घालतो. आपल्याला एवढं जमणार नाही, पण हेल्मेट जमेल. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्यालाही. कायदा बाईला वगळत नाही. मागच्या चाकाला साडी गार्ड असलंच पाहिजे. काढून टाकलं असेल तर परत बसवून घ्या. पदर आणि ओढणी खोचून बसा. जमेल तिने दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावं, तोल नीट राहतो.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक गोष्ट करता येईल. आपल्या गटात कुणाचा हात-पाय मोडला, तर सहा आठवडे तिचं पाणी कोण भरणार, याची पाळी आधीच ठरवून ठेवा. इरजिकीला आपण एकमेकांच्या शेतात जातोच. तसंच हे. ऐश्वर्या किंवा अविनाश परत येतात, तेव्हा त्यांच्यामागे डॉक्टर असतो, व्यायाम शिकवणारा असतो, आणि "अजून थांब" म्हणणारं कुणीतरी असतं. आपल्या बाईला "थांब, मी आणते हंडा" म्हणणारं कुणी असलं, तर तीही पूर्ण बरी होऊन कामावर परत येईल.