पीडित-साहाय्याचा अभ्यास आणि व्यवसाय : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
फौजदारी न्यायप्रक्रियेत राज्यसंस्था आणि आरोपी हेच दोन प्रमुख पक्ष मानले जातात. ज्याच्यावर अत्याचार झाला त्या व्यक्तीचे स्थान फिर्यादी आणि साक्षीदार एवढ्यापुरतेच मर्यादित राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर बेंजामिन मेंडेलसोन व हान्स फॉन हेंटिग यांच्या लेखनातून पीडितशास्त्र ही ज्ञानशाखा आकारास आली. २९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने गुन्ह्यातील पीडितांच्या न्यायाबाबत जाहीरनामा स्वीकारला. महाराष्ट्रात त्याआधीच, १९८४ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने मुंबई पोलिसांच्या आवारात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला होता. पोलीस यंत्रणेत प्रशिक्षित समाजकार्यकर्ता बसू शकतो, हे त्या कक्षाने दाखवून दिले. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्याने नेमके काय शिकावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

कायद्याने दिलेले हक्क :
गेल्या दोन दशकांत पीडितांच्या हक्कांना कायद्याचे अधिष्ठान लाभले आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने पीडित भरपाई योजनेची तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत पीडितास कळविणे याच संहितेने पोलिसांवर बंधनकारक केले आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी राज्यात २ ऑक्टोबर २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियमात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५अ पीडितास जामिनाच्या सुनावणीत बाजू मांडण्याचा, तसेच तपास व खटल्याच्या काळात प्रवास व निर्वाहखर्च मिळण्याचा हक्क देते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण नियम, २०२० नुसार बालकल्याण समिती पीडित बालकासाठी 'सपोर्ट पर्सन', म्हणजे साहाय्यक व्यक्ती, नेमू शकते.

शहापूर-मुरबाडमधील वास्तव :
हक्क कागदावर असणे आणि ते माणसाच्या हाती पडणे यांत मोठे अंतर आहे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यातील आदिवासी लोकसंख्या प्रामुख्याने शहापूर व मुरबाड या तालुक्यांत राहिली. ठाकूर, महादेव कोळी, वारली व कातकरी समाजाची वस्ती पाड्या-वाड्यांतून विखुरलेली आहे. गंभीर गुन्ह्यांचे खटले सत्र न्यायालयात चालतात आणि जिल्ह्याचे मुख्य सत्र न्यायालय ठाण्यात आहे. शहापूरकरांना आसनगावहून लोकल मिळते. मुरबाडला रेल्वेस्थानक नसल्याने एस. टी.ने आधी कल्याण गाठावे लागते. एका तारखेसाठी पूर्ण दिवसाची मजुरी बुडते.

एका नमुनादाखल परिस्थितीचा विचार करता येईल. एखादे कातकरी कुटुंब उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते. उचल फिटली नाही म्हणून मालक त्यांना जाऊ देत नाही आणि मारहाण करतो. या एकाच घटनेला वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ आणि अत्याचार प्रतिबंधक अधिनियम असे दोन कायदे लागू होऊ शकतात. मात्र पुनर्वसनाच्या पूर्ण लाभासाठी मुक्तता प्रमाणपत्राचा, तर अत्याचारग्रस्तांच्या अर्थसाहाय्यासाठी जातीच्या दाखल्याचा प्रश्न पुढे येतो. पुढे समन्स येते तेव्हा घराला कुलूप असते, कारण कुटुंब दुसऱ्या भट्टीवर गेलेले असते. साक्षीदार 'फितूर' झाला असे म्हटले जाते, पण अनेकदा त्यामागे उपासमार, भीती किंवा गावकीतील तडजोडीचा दबाव असतो. श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून ठाणे जिल्ह्यात वेठबिगार मुक्तीचे जे कार्य केले, त्यातून एक गोष्ट अधोरेखित होते. सुटका ही सुरुवात असते. सुटलेल्या माणसाच्या पाठीशी दीर्घकाळ उभे राहावे लागते.

अभ्यासाचे स्वरूप :
या कामासाठी केवळ कळवळा पुरेसा नाही. चार प्रकारचे ज्ञान आवश्यक ठरते.
१) कायदा : फिर्याद, जबाब, वैद्यकीय तपासणी, दोषारोपपत्र व साक्ष या टप्प्यांची आणि प्रत्येक टप्प्यावरील हक्कांची माहिती.
२) मानसशास्त्र : आघाताचे परिणाम समजणे. घटनेचा क्रम विसरणारी किंवा गप्प राहणारी व्यक्ती खोटे बोलते असे नसते.
३) कार्यालयीन प्रक्रिया : तहसील कार्यालय, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, शहापूर येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांच्याकडील अर्ज व पाठपुरावा.
४) मर्यादांचे भान : साहाय्यकाने तपास करावयाचा नसतो व साक्ष पढवावयाची नसते. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. शंभर उंबऱ्यांच्या पाड्यात केवळ नाव न घेतल्याने ओळख लपत नाही, हेही ध्यानी घ्यावे लागते.

तालुक्याच्या महाविद्यालयात समाजशास्त्र वा मानसशास्त्र घेऊन पदवी, त्यानंतर समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी हा यासाठीचा प्रमुख मार्ग होय. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था (स्थापना १९३६) व निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय (स्थापना १९५५) या जुन्या संस्था आहेत. विधी शाखेची पदवी हा दुसरा मार्ग आहे. शिक्षण सुरू असतानाच विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून काम करता आल्यास प्रत्यक्ष अनुभव मिळतो.

संधी व अडचणी :
जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सखी वन स्टॉप सेंटर, विशेष कक्ष व स्वयंसेवी संस्था येथे अशा व्यक्तींची गरज असते. मात्र बरीच पदे कंत्राटी वा मानधन तत्त्वावरील आहेत, याची कल्पना विद्यार्थ्यांना आरंभीच देणे प्रामाणिकपणाचे ठरेल. सतत दुःख ऐकल्याने कार्यकर्त्यालाही मानसिक थकवा येतो. म्हणून ज्येष्ठांचे नियमित मार्गदर्शन हा प्रशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

समारोप :
कातकरी बोली जाणणारा, भट्टीचा हंगाम कधी सुरू होतो हे ठाऊक असणारा आणि पाड्यावर ज्याच्यावर विश्वास आहे असा विद्यार्थी शहराला घडवता येत नाही. तो शहापूर-मुरबाडच्या वर्गात आधीच बसलेला आहे. त्याच्याकडे नसते ती कायद्याची व व्यावसायिक शिस्तीची जोड. प्राध्यापकांनी तालुका विधी सेवा समितीच्या साहाय्याने वर्षातून एक कार्यशाळा घेणे, प्रकल्पलेखनासाठी भरपाई व पुनर्वसनाच्या प्रक्रियेसारखे विषय देणे, पदव्युत्तर प्रवेशाच्या तारखा व शिष्यवृत्तीची माहिती वेळेवर पोहोचविणे एवढे केले तरी मार्ग खुला होईल. पीडिताचे हक्क कायद्याने मान्य केले आहेत. ते पाड्यापर्यंत नेणारी माणसे घडविणे हे मात्र महाविद्यालयांच्या आवाक्यातील कार्य आहे.